सोमवारचा श्वास

सोमवार हा वार हणमंत साळुंख्याच्या मुळावरच उठला होता. आठवड्यातल्या बाकीच्या रात्री माणूस ढाराढूर झोपायचा, आणि सोमवारी मात्र कुणीतरी नरडं दाबल्यासारखा ताडकन उठून बसायचा. तोंड उघडं, हात हवेत चाचपडताहेत, आणि छातीत अशी धडधड की शेजारच्या वैजयंताला ती गादीतून कळावी. खिडकी उघड, पाठ चोळ, धीर दे, असं करता करता उजाडायचं. मंगळवारी तो कामावर निघाला की वैजयंता दारात उभी राहून त्याच्या पाठीकडं बघायची, आणि हा माणूस संध्याकाळी परत येईल ना, एवढी एकच काळजी तिला दिवसभर पुरायची.

हणमंत पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांचा फोरमन होता. तिथल्या जुन्या चक्क्या उतरवून दुप्पट उंचीच्या नव्या उभ्या केल्या, त्याला आता चारपाच वर्षं झाली. पाहणीला ड्रोन फिरतात, सगळं खरं; पण ड्रोनला सैल झालेला बोल्ट आवळता येत नाही, तिथं शेवटी माणूसच चढावा लागतो. रविवारी त्याची सुट्टी. तेव्हा सोमवारी कामाच्या पहिल्या दिवसाचा ताण पडतो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टरांनी ठरवलं, कंपनीनं ठरवलं, हणमंतानंही मुंडी हलवली. पटण्यासारखं कारण हाताशी लागलं की माणूस पुढं शोधायचे कष्ट घेत नाही, आणि इथं तर कारण कॅलेंडरवरच छापलेलं होतं.

हे दुखणं मुळात कसलं, ते आधी सांगायला हवं. झोपेत आपल्या श्वासाचा सगळा कारभार मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका इवल्याशा जागेवर पडतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की ती जागा छातीखालच्या पडद्याला हुकूम सोडते, पडदा खाली ओढला जातो आणि हवा आत येते. हणमंताची ती जागा विसरभोळी झाली होती. मधेच हुकूम द्यायचाच राहायचा. श्वास थांबायचा, रक्तातला वायू वाढत जायचा, मग घाबरलेलं शरीर अंगात अ‍ॅड्रेनलिन सोडायचं, काळीज पळत सुटायचं आणि माणूस गुदमरून जागा व्हायचा. नाकावर मुखवटा लावून हवा आत ढकलायची यंत्रं आहेतच की. पण ती झोपेत ज्यांचा घसा मिटतो त्यांच्या कामाची. हणमंताचा घसा सताड उघडा होता, वरून हुकूमच येत नव्हता.

त्यावर 'सोबत' नावाचं यंत्र निघालं. वर्षानुवर्षं शेजारी झोपणाऱ्या दोन माणसांचे श्वास नकळत एकमेकांच्या चालीवर येतात, एवढं आधीपासून ठाऊक होतं. नवं कळलं ते हे, की विसरभोळ्या मेंदूला यंत्राची ठोकळेबाज चाल दिली तर तो कुरकुर करतो, पण ओळखीच्या माणसाची चाल दिली तर मुकाट तिच्या मागं जातो. म्हणून हणमंताच्या गळ्याजवळच्या हाडाखाली रुपयाएवढी चकती बसवली आणि वैजयंताला एक मणी दिला. मणी तिच्या छातीवर टेकून तिचे ठोके आणि श्वास ऐकायचा. हणमंताला झोप लागली की चकती त्याच चालीनं त्याच्या श्वासाच्या नसेला हलक्या टिचक्या द्यायची. ती पुढं, तो मागं. आणि तो घाबरलाच, तर चकती तिची चाल आणखी घट्ट धरायची, जत्रेत पोरानं आईचं बोट धरावं तशी.

मणी दवाखान्यानं एका साध्या साखळीत घालून दिला होता. वैजयंतानं काय केलं, पाटणच्या सोनाराकडं जाऊन तो मंगळसूत्रात, दोन वाट्यांच्या मधोमध, सोन्याच्या तारेनं गुंफून घेतला. नाहीतरी ते गळ्यातून कधी निघत नाही, मग हरवायची भीतीच नको. कराडच्या डॉक्टर शिरीन मुजावर, वयानं तिच्या पुतणीएवढ्या, ते बघून हसल्या आणि तपासून म्हणाल्या की काकू, इथं तर आणखी छान ऐकू येतंय. मणी कधी अंगावरून निघालाच तर घाबरू नका, असंही त्यांनी समजावलं. चकती आपल्या साध्या चालीवर येते, झोप सुखाची लागत नाही, पण जिवाला धोका नसतो. वैजयंतानं मान डोलावली. मंगळसूत्र निघायचा प्रश्नच कुठं होता?

डॉक्टरांनी तिला आजार विचारले, गोळ्या विचारल्या. बीपीची गोळी चालू आहे, तीही अंगातलं पाणी काढणारी, हे तिनं सांगितलं. उपासाचं कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. उपास म्हणजे काय दुखणं आहे का, डॉक्टरला सांगायला?

चकती बसली आणि हणमंत झोपायला लागला. काय सुखाचे दिवस होते ते. सकाळी गाणं गुणगुणत दाढी करायचा. पवनचक्कीवर चढायची परवानगी परत मिळाली. अशात श्रावण आला, आणि हणमंताची थोरली बहीण इंदूआक्का एक दिवस येऊन बसली. आई लवकर गेली, तेव्हा हणमंताला आक्कानंच लहानाचा मोठा केलेला. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती, आणि नवरा जाणं म्हणजे काय हे तिला दुसऱ्यांनी सांगायची गरज नव्हती. यंत्रानं गुण दिला ते ठीक आहे, पण देवाचंही काही देणं लागतं, असं तिचं म्हणणं. वैजयंतालाही ते पटलं, अगदी मनापासून पटलं. तिनं सोळा सोमवार धरले.

पहिले एकदोन सोमवार तिनं दिवसभर पाणी घेतलं नाही आणि संध्याकाळी पूजा करून अळणी चुरमा खाल्ला. त्या रात्री हणमंत नुसता दचकून उठला. पुढच्या सोमवारी जास्त दचकला. त्याचं दुखणं परत डोकं वर काढतंय, या भीतीनं वैजयंतानं व्रत कडक केलं. संध्याकाळचं पाणी सोडलं, मग चुरमाही देवापुढं ठेवून वाटून टाकायला लागली. मंगळवारी आंघोळ झाल्यावर पाण्याचा पहिला घोट. बीपीची गोळी तेवढी पहाटे कोरडीच गिळायची, कारण गोळीनं उपास मोडत नाही असं आक्कानं सांगितलं होतं.

हणमंताला यातलं अर्धंच ठाऊक होतं. सोमवारी संध्याकाळी तो तिच्याकडं बघून म्हणायचा की तोंड बघ किती सुकलंय, कशाला जीव आटवतीस माझ्यापायी. ती हसून विषय बदलायची. आणि रात्र झाली की तेच ते. दसरा झाला, दिवाळी झाली, झटके वाढतच चालले.

कराडला डॉक्टरांनी हणमंताच्या सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. वैजयंता शेजारच्या खुर्चीत बसून होती. तिची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. डॉक्टरांनी चकतीची ओढ वाढवली. आजवर तो गुदमरून जागा झाला की चकती गप्प व्हायची; आता त्याचा श्वास शांत होईपर्यंत ती सोबत सोडणार नव्हती. एवढ्यानंही भागलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुण्याला नेऊन छाती उघडावी लागेल, असं त्या हळूच म्हणाल्या. परतीच्या गाडीत हणमंत बाहेर बघत राहिला आणि वैजयंतानं त्याचा हात सोडला नाही.

त्या शनिवारी हणमंत रात्रपाळी करून आला आणि दुपारी जेवून आडवा झाला. गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. नोव्हेंबर असूनही आभाळ एकदम भरून आलं, तशी वैजयंता जिन्यानं पळत सुटली. शेंगा भराभरा गोळा केल्या, पोतं ओढत जिन्याच्या तोंडाशी आणलं आणि धापा टाकत पहिल्याच पायरीवर बसली. अन् खालून हणमंताचा आवाज आला. तोच, सोमवारचा. घशातून हवा ओढतानाचा.

ती उठायला गेली आणि थबकली. शनिवार होता. दुपार होती. धाप तिला लागली होती, आणि उठून बसला होता तो.

वैजयंता तिथंच बसली. मोठ्या निग्रहानं तिनं एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. खालचा आवाज मंदावला. ती आणखी सावकाश झाली, तसा तोही झाला. थोड्या वेळानं ती खाली गेली तर हणमंत कुशीवर वळून पुन्हा घोरत होता.

मग मात्र तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. सोमवारी रात्री तिच्या छातीत फडफड व्हायची, एखादा ठोका चुकायचा, दोनतीन घाईनं यायचे, श्वास तोकडा पडायचा. त्याच्या दुखण्याची भीती वाटते म्हणून आपलं असं होतं, अशी तिची इतके दिवस समजूत. आता तिनं एकेक सोमवार आठवून पाहिला. दर वेळी आधी तिची छाती फडफडली होती, आणि मग त्याचा श्वास अडकला होता. तो दगावू नये म्हणून ती पाणी सोडत होती, आणि पाणी सोडल्यामुळंच त्याचा गळा आवळला जात होता. तिला रडूही येईना.

आता कुणीही म्हणेल, लगेच फोन करायचा की डॉक्टरला. बोलायला सोपं आहे. एकच सोमवार उरला होता, शेवटचा, त्यानंतर उद्यापन. आक्का त्यासाठी बोचकं घेऊन राहायलाच आली होती. वैजयंतानं रविवारी आडून आडून विचारून पाहिलं, की एखादीनं शेवटच्या दिवशी पाणी घेतलं तर? आक्कानं हातातलं लिंबू बाजूला ठेवलं आणि तिच्याकडं रोखून पाहिलं.

"अर्ध्यात सोडलेलं व्रत ज्याच्यासाठी धरलं त्याच्यावरच उलटतं, वैजू. माझं उलटलंय."

आक्काचा नवरा कसा गेला ते वैजयंताला ठाऊक होतं, पण त्या मरणामागं आक्का एवढी वर्षं हे ओझं वागवत होती, हे तिला पहिल्यांदा कळलं. पाणी प्यावं तर देव नवरा नेणार, न प्यावं तर यंत्र नेणार, अशी तिची दोन्हीकडून कोंडी झाली. शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली: सोमवार पार पाडायचा, रात्रभर जागं राहायचं, श्वास अजिबात ढळू द्यायचा नाही, आणि मंगळवारी सकाळी डॉक्टरला सगळं सांगायचं. एक रात्र तर आहे. चकतीची ओढ वाढवलीय, हे तिला आठवत नव्हतं असं नाही. तिनं त्याकडं डोळेझाक केली.

सोमवारी रात्री ती भिंतीला टेकून बसली. जीभ टाळूला चिकटली होती, पायात गोळे येत होते. हणमंत झोपला होता आणि ती शेजारी बसून सावकाश आत, सावकाश बाहेर असा श्वास वळवत होती. बराच वेळ सगळं ठीक चाललं. आपण जिंकलो, असंही तिला वाटून गेलं.

मग ठोका चुकला. छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड सुरू झाली, आणि तिनं कितीही लांब श्वास घ्यायचा म्हटलं तरी शरीर तोकडेच श्वास मागायला लागलं. हणमंत उठून बसला. नेहमी तो जागा झाल्यावर थोड्या वेळानं सावरायचा, पण आज चकती सोडायला तयार नव्हती. त्याला घाबरलेला बघून वैजयंता घाबरली, तिचा श्वास पळाला, त्यामागं त्याचा पळाला, आणि तो आणखी घाबरला म्हणून चकतीनं तिची चाल आणखी घट्ट धरली. त्याचे ओठ निळसर पडायला लागले. त्यानं तिचं मनगट पकडलं होतं आणि डोळ्यांनी तिलाच विचारत होता, हे काय होतंय.

आक्का दिवा लावून आत आली, तिनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी कराडहून यायची. तोवर काय करायचं हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. वैजयंताचा हात गळ्याकडं गेला आणि वाट्यांपाशी थांबला. लग्न झाल्यापासून ते मंगळसूत्र उतरलं नव्हतं, बाळंतपणात नाही की दवाखान्यात नाही. ते कधी उतरतं, कुणासमोर उतरतं, हे तिनं आक्काच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मणी एकटा निघत नव्हता; सोनारानं तार चांगली पक्की वळली होती, तिनंच सांगून.

तिनं सर मानेवरून वर घेतला तसं आक्कानं धावत येऊन तिचा हात धरला.

"अगं काय करतीस? जिता हाय तो अजून!"

"जिता राहावा म्हणूनच काढतीय, आक्का."

आक्काचा हात सैल पडला. वैजयंतानं मंगळसूत्र डोक्यावरून ओढून काढलं आणि समोरच्या भिंतीकडं फेकलं.

काही क्षण हणमंत श्वासच घेईना. वैजयंतानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग चकतीनं तिचा नाद सोडला आणि आपली साधी चाल धरली. एक खरखरीत श्वास आला, लाकूड ओढल्यासारखा, मग तसाच दुसरा, आणि तिसरा. सुखाचे नव्हते ते, पण श्वास होते. ओठांचा निळा रंग हळूहळू ओसरला. हणमंतानं डोळे मिटून उशीवर डोकं टेकलं, आणि ते बघेपर्यंत धरून ठेवलेलं सगळं बळ संपून वैजयंता त्याच्या पायाशी कोसळली.

आता आक्काला दोन माणसं दिसत होती, आणि त्यातलं जास्त आजारी कुठलं, ते तिलाही कळलं. तिनं वैजयंताचा गळा चाचपला. नाडी कुठंच्या कुठं धावत होती. वैजयंतानं तुटक तुटक शब्दांत सांगितलं, पाण्याचं, मिठाचं, शनिवारच्या धापेचं. आक्का ऐकत राहिली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तांब्यात पाणी, साखर नि मीठ ढवळून घेऊन आली. मंगळवार उजाडला नव्हता. वैजयंतानं तोंड फिरवलं.

"पी," आक्का म्हणाली. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

आणि ज्या हातांनी ते व्रत घालून दिलं होतं त्याच हातांनी आक्कानं तांब्या तिच्या ओठांना लावला.

कराडला दोघांना शेजारच्या खाटांवर ठेवलं. पाणी काढणारी गोळी आणि वर कडक उपास, यानं वैजयंताच्या रक्तातलं, ठोका सांभाळणारं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की आणखी एखादा सोमवार काही तिला झेपला नसता, तिचं काळीज कधीही बंद पडलं असतं. डॉक्टर मुजावरांनी मागच्या सगळ्या सोमवारच्या रेघा पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या. तिचा ठोका चुकलेला, आणि लगेच खाली त्याचा श्वास अडकलेला. मग म्हणाल्या की काकू, यंत्र महिने न् महिने तुमचं दुखणं सांगत होतं, आणि मी काकांना औषधं देत बसले. छाती उघडायची गरज उरली नाही. वैजयंताची गोळी बदलली. पण तिच्या छातीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्या आहेत तोवर गळ्यात धातूचं काहीही घालायचं नाही, असं बजावलं.

हणमंत दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. रागानं त्याचा जबडा आवळलेला असायचा. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर तो तिच्यापुढं येऊन बसला.

"तू मेली असतीस तर मी कुणाच्या मागनं श्वास घ्यायचा होता?" एवढंच तो म्हणाला, आणि मग हमसून हमसून रडला. वैजयंतानं त्याला रडू दिलं. तिला स्वतःलाही त्या दिवशी रडता आलं.

पुढचा सोमवार उद्यापनाचा. ते काही होणार नव्हतं, पण गल्लीतल्या बायकांना आमंत्रण आधीच गेलं होतं, आणि त्या सकाळी सकाळी आल्या. आल्या त्या दारातच थांबल्या. वैजयंता सोप्यावर बसली होती, कपाळाला कुंकू होतं आणि गळा मोकळा होता. आत हणमंताच्या बोलण्याचा आवाज येत होता, तरी एकीनं न राहवून विचारलंच, की बाई, गळ्यातलं कुठाय?

वैजयंतानं मान खाली घातली. तेवढ्यात आक्का आतून बाहेर आली, स्वतःचा मोकळा गळा पदरानं न झाकता तिच्या शेजारी बसली आणि सगळ्यांकडं बघत म्हणाली, "नवरा जिता राहावा म्हणून काढलंय. नेम मोडूनही माणूस वाचतो, हे माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं."

हणमंत आतून ताटली घेऊन आला: भाकरी, झुणका, वर चिमूटभर मीठ आणि पाण्याचा भरलेला तांब्या. कामावर जायला त्याला उशीर होत होता, तरी तो तिथंच जमिनीवर बसून राहिला. वैजयंतानं भाकरी मोडली आणि पहिला घास खाल्ला.